ओ-यू-जी-एच

थोरलीचं पत्र परवा आलं. नव्या कचेरीत सगळे आपल्यापेक्षा हुशार आहेत, आपल्याला चुकून घेतलं आहे आणि एक दिवस ते कुणाच्या तरी लक्षात येणार, असं तिला वाटतं. तुला कधी असं वाटलं होतं का, असं तिने विचारलं आहे. वाटलं होतं. जवळजवळ दोन वर्षं रोज वाटत होतं, आणि त्याचा शीण अजून आठवतो. तुम्हा सगळ्या भावंडांना एकदमच लिहिते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

मी नुकती बी. ए. झाले होते आणि मंगळवार पेठेत मावशीकडे राहत होते. जवळच्या मुलींच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई लग्न होऊन गेल्या आणि वर्षाच्या मध्येच ती जागा मला मिळाली. दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून मला घेतलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं. माझे वडील पेठ वडगावजवळ शेती करायचे. घरी आम्ही ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बोलायचो. इंग्रजी मी डोळ्यांनी शिकले, कानांनी फार थोडं. कॉलेजात व्याख्यानं इंग्रजीत होत, पण प्राध्यापक आपली जुनी टिपणं वाचून दाखवत आणि आम्ही मान खाली घालून उतरवून घेत असू.

म्हणून मी प्रत्येक तास आदल्या संध्याकाळी वहीत लिहून काढायची. सगळा. वर्गात शिरल्यावर काय म्हणायचं, मुली काय विचारतील, त्यावर मी काय म्हणेन. ‘सिट डाउन’सुद्धा लिहिलेलं असे. रोज आठ-दहा पानं. मावशी म्हणायची, परीक्षा तुझी आहे की पोरींची? शाळेतल्या बाकीच्या बाई मधल्या सुट्टीत चहा पीत बसत, तेव्हा मी त्या पानांवरून नजर फिरवत असे. कुणी माझं कौतुक केलं तर बिचारीला कळलेलं नाही, असं मनात येई.

दुसरं वर्ष संपत आलं. ज्यांची मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती, ते शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. कायम झाले नाही तर गावी परत जायचं होतं. तिथे माझ्यासाठी स्थळं बघून ठेवलेली होती.

तपासणीच्या आठवड्यात आठवीला एका शेतकऱ्याचा धडा होता. त्यात नांगराला जो इंग्रजी शब्द आहे, तो मी ‘प्लफ’ असा शिकवला. ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’, तसा ‘प्लफ’. शेवटी ओ-यू-जी-एच आलं की ‘फ’ म्हणायचं, असा नियमही फळ्यावर लिहून दिला. चाळीस मुलींनी तो तीनदा मोठ्याने म्हटला. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे मामा पलटणीत होते. ती म्हणाली, मामा तर ‘प्लाउ’ म्हणतात. असा प्रश्न वहीत नव्हता. मी म्हटलं, मामांनाच बोलाव मग शिकवायला. मुली हसल्या. तास संपेपर्यंत मी तिला उभं ठेवलं.

शाळा सुटल्यावर कपाटातला उच्चारांचा कोश काढला. मामा बरोबर होते.

ज्या वस्तूमागून मी लहानपणी वडिलांबरोबर चालले होते, तिचंच नाव मला घेता येत नव्हतं. त्या संध्याकाळी मी वही उघडली नाही. इंग्रजीत राजीनामा लिहिला, एक प्रत स्वतःसाठी ठेवली आणि सकाळी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी तो शांतपणे वाचला.

“अक्षर चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “चूक काय झाली?”

मी सांगितली. मग बाकीचंही सांगून टाकलं, वहीचं, मला काही येत नाही त्याचं. त्या सांत्वन करतील असं वाटलं होतं.

“हे बघा बाई, मला तरी कुठं माहीत होता तो शब्द? पण मला न्हाई शिकवलात तुम्ही तो. पोरींना शिकवलात. मग राजीनामा माझ्याकडं कशाला? जावा की वर्गात.”

कागद त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि हजेरीपटात डोकं घातलं.

मी वर्गात गेले. हातात वही नव्हती. म्हटलं, काल मी चुकीचं शिकवलं, शब्द ‘प्लाउ’ आहे, नियम खोडा. मागून कुणी तरी विचारलं, बाई, तुम्हाला कसं माहीत नव्हतं? मी खरं ते सांगितलं. हा शब्द मी फक्त वाचला होता, ऐकला नव्हता. नांगर मात्र मला माहीत आहे. मग फळ्यावर नांगर काढला. फाळ, हातात धरायचं रुमणं, बैलांच्या मानेवरचं जू दाखवलं आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेले, “रुमणं असं दाबून धरायचं, न्हाय तर फाळ वरच येतोय की.”

मुली इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या. हसणं ओसरल्यावर पहिल्या बाकावरची ती मुलगी उठली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली,

“बाई, मग मी आता बसू?”

मी तिची माफी मागितली. त्या काळी बाईंनी मुलीची माफी मागायची पद्धत नव्हती, म्हणून मला ते नीट जमलं नाही. पण तिला पोचलं असावं. पुढचा उतारा तिने स्वतःहून वाचला, आणि अडलेला एक शब्द आम्ही दोघींनी मिळून कोशात शोधला.

त्यानंतर मी धीट झाले असं समजू नका. तपासणीच्या दिवशी सकाळी मी पुन्हा वही काढून बसले होते. साहेब आले, गणिताच्या तासाला बसले, शिवणकाम पाहिलं, मोठ्या बाईंकडे चहा घेतला आणि गेले. माझ्या वर्गात आलेच नाहीत. माझा तास न पाहताच त्यांनी चांगला शेरा लिहिला होता. मी कायम झाले.

दोन वर्षं मी ज्या माणसाला घाबरत होते, त्याने दारातून डोकावूनही पाहिलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला राग आला. घरी येऊन मावशीवर उगाच चिडले आणि जेवायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की साहेबांनी यावं, असं मला वाटत होतं. माझ्या मुली कशा वाचतात ते मला त्यांना ऐकवायचं होतं.