आप्पांनी हात उगारला नाही

सविता, मी पुण्याला निघाले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी लागली होती. माझी बॅग वर चढवून झाल्यावर आप्पा खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर." दोन वर्षांत आपले वडील माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी विचारलं, "कुणाला?" ऐकू न आल्यासारखं करून ते ड्रायव्हरशी बोलायला गेले. आई तोंडाला पदर लावून उभी होती आणि तू तिच्या मागं.

माझा गुन्हा तुला आठवत नसेल. फुटबॉलची फायनल होती. आपल्या शिवाजी पेठेच्या तालमीचा संघ हरला आणि मी जिंकलेल्या तालमीच्या एका पोराबरोबर ग्राउंडबाहेर आइस्क्रीम खाताना सापडले. नुकतं पंधरावं लागलं होतं. दुसरा कुणी असता तर कदाचित खपलंही असतं, पण त्याच्या अंगात ती जर्सी होती. काका म्हणाले, फोडून काढा. आप्पा म्हणाले, "पोरीच्या जातीला हात लावायचा न्हाय. नुस्तं बोलायचं न्हाय कुणी." अख्ख्या गल्लीनं त्यांचं कौतुक केलं. माझी शाळा बंद झाली आणि सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे घरी बसूनच दहावीची परीक्षा द्यायची.

मारलं असतं तर बरं झालं असतं. मार संपतो. इथं दिवाळीला ड्रेस मिळायचा, ताटात तांबडा रस्सा मिळायचा, फक्त कुणाची नजर मिळायची नाही. आईला राहवायचं नाही तेव्हा ती परड्यातल्या म्हशीला मोठ्यानं सांगायची, "वाढलंय गं, जेवून घे." मी म्हशीच्या वतीनं जेवायची. तू माझ्या दारापर्यंत यायचीस आणि तोंडावर बोट ठेवून परत जायचीस. मैत्रिणींना त्यांच्या आयांनी आवरलं. वर्षभरानं मी आरशाशी बोलायचंही सोडलं आणि खरं सांगते, त्याचं काही वाटेनासं झालं.

इथं पुण्यात एक समुपदेशक बाई आहेत. त्या म्हणतात, त्या वयात मेंदू अजून घडत असतो, आणि तो घडतो बरोबरीच्या पोरापोरींत, भांडण्यात, खिदळण्यात. तेच काढून घेतलं की तो एवढंच शिकतो की माणूस म्हणजे धोका. मोठेपणी चारजण हसले की आपल्यालाच हसले असं वाटतं. माझं तसंच झालंय. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असतो. डिलिव्हरीवाला पार्सल ठेवून जाईपर्यंत मी दाराआड श्वास धरून उभी राहते. नवऱ्याशी पहिलं भांडण झालं तेव्हा मी त्याच्याशी सव्वीस दिवस बोलले नाही. तो रडला, आणि मला नुसतं शांत वाटलं. तो सोडून गेला याचा मी त्याला दोष देत नाही.

आणि परवा तुझा उचगावहून फोन आला. तुझी आर्या, चौदा वर्षांची, मोबाइलवर कुणा पोराशी बोलताना सापडली. आप्पांनी तुला उपाय सांगितला आणि तीन आठवडे तू तो इमानानं पाळते आहेस. वर मला म्हणालीस, "अक्का, तुझं काय वाईट झालं? उलट सुधारलीस की. पुण्यात फ्लॅट हाय." तुम्ही सगळे मला नमुना म्हणून दाखवता हे मला तेव्हा कळलं. वर्षातून दोनदा येते, सगळ्यांना साड्या आणते, गप्प बसते, म्हणून मी वळणाची. मी म्हणाले, पोरीला माझ्याकडं पाठव. तू हसलीस. "तुझ्याकडं? तुझ्या घरात तरी कोण बोलतंय?"

मग फोन तिच्या हातात दिलास. मी "आर्या" म्हणाले आणि पुढं काही सुचेना. तीही बोलली नाही. पाच-सात मिनिटं आम्ही दोघी एकमेकींचा श्वास ऐकत होतो आणि मला बरं वाटत होतं, फोन ठेवूच नये इतकं बरं. कोल्हापूर सोडल्यापासून कुठंच घरी आल्यासारखं वाटलं नव्हतं, ते त्या फोनवर वाटलं. हे ध्यानात आलं तेव्हा मला माझीच किळस आली.

हे वाचून झालं की उठ, तिच्या खोलीत जा आणि काहीही बोल. हवं तर शिव्या घाल. पण सविता, तिला माझ्याकडं पाठवू नकोस. ती इथं न बोलता सुखानं राहील.