बादली केवढी खाली गेली

माझ्या आईला बसून आंघोळ करायला खुर्ची हवी होती. एक खुर्ची! तिच्यासाठी आम्ही दोन शिकलीसवरलेली भावंडं तीन आठवडे डोकं फोडत होतो, आणि शेवटी जी आणली तिच्यावरून आई पडली. दादा अजून म्हणतो, खुर्ची चांगलीच होती. हो बाबा, होती. खुर्चीला कुठं काय झालं?

आई ब्याऐंशीची. बाबा गेल्यावर बेळगावचं घर बंद करून ती माझ्याकडे बेंगळुरात जे. पी. नगरला आली, ती स्वतःचा पाट आणि पितळेचा तांब्या बरोबर घेऊन. तिची आंघोळ म्हणजे पाटावर बसायचं, शेजारी भरलेली बादली, आणि तांब्यातांब्यानं अंगावर पाणी. शॉवरखाली ती कधी उभी राहिली नाही. "डोक्यावर कोण मुतल्यासारखं वाटतंय," म्हणायची. पण गुडघे गेले. पाटावरून उठताना ती नळाला धरून लोंबकळायची, आणि एक दिवस नळच हातात आला. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं बंद.

मी म्हटलं, आई, मी घालते तुला आंघोळ. तर असं बघितलं तिनं माझ्याकडे, जशी मी काही चोरायलाच आले होते.

"हात चालतोय तोवर माझी मी करणार," म्हणाली. "आणि कडी आतून मीच लावणार. मग काय ती खुर्ची आणायची ती आण."

एवढंच मागणं होतं तिचं. दार बंद, आणि आपल्या हातानं आंघोळ.

मी दादाला फोन केला. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहतो, कंप्युटरच्या कंपनीत मोठा साहेब आहे. त्या लोकांची एक रीत असते, काहीही घ्यायचं झालं की आधी तक्ता करायचा. फ्रीज घ्या, शाळा निवडा, मुलाला स्थळ बघा, तक्ता! दुसऱ्या दिवशी दादाचा तक्ता माझ्या फोनवर हजर. नऊ खुर्च्या, अकरा रकाने. गंज चढतो का, पाय खालीवर होतात का, रबराची बुटं घसरतात का, पाठ आहे का, हात आहेत का, किती वजन पेलते. आईचं वजन एक्केचाळीस किलो. दादाला एकशेवीस किलो पेलणारी हवी होती.

"अरे, आई बसणार आहे का हत्ती?" मी म्हटलं.

"सेफ्टीचा प्रश्न आहे गं. तुला नाही कळायचं."

"मग तू ये ना एकदा. बाथरूम बघ, तिला बघ."

"बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्येच दोन तास जातात. तू मापं पाठव."

मीही गाढव, टेप घेऊन बाथरूम मोजत बसले. दार किती, भिंतीपासून भिंत किती, कमोडपासून अंतर किती. आई दारात उभी राहून बघत होती. तिला कुणी मोजलं नाही.

खुर्ची बघायला मात्र मी स्वतः दुकानात गेले. दुकानदार म्हातारा कन्नडिग, शांत माणूस. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "अज्जी बंदिल्वा?" आजी आल्या नाहीत? त्यांना एकदा बसवून बघितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणाला. मी म्हटलं, एवढ्या ट्रॅफिकमधून तिला कुठं आणू? तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि त्यानं दुसरा प्रश्न विचारला. अजून कानात आहे तो माझ्या. अज्जी शॉवर घेतात की बकेट?

आता इथं मी काय सांगायला हवं होतं? शेजारी एक बाई उभी होती, कडक इस्त्रीचा कुर्ता, आपल्या सासऱ्यांसाठी काहीतरी इंपोर्टेड बघत होती. तिच्यासमोर मला 'बकेट' म्हणायची लाज वाटली. बेंगळुरात बत्तीस वर्षं काढली, स्वतःचा फ्लॅट आहे, आणि माझी आई तांब्यानं आंघोळ करते म्हणून कसं सांगू?

"शॉवर," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली आणि मी फोनवर दाखवलेल्या तक्त्यातली पहिल्या नंबरची खुर्ची काढून दिली. उंच, पांढरी, भक्कम, दोन्ही बाजूंना हात.

घरी आणून ती शॉवरखाली मांडली. आई साडीनिशीच तिच्यावर बसून बघायला आली. पाय टेकत होते, हात धरून उठताही येत होतं. मी दादाला फोटो पाठवला, दादानं अंगठा पाठवला. आईनं शेजारच्या बादलीकडे बघितलं, मग हातात रिकामा तांब्या धरून वाकून बघितलं.

"बादली केवढी खाली गेली गं," ती म्हणाली.

"बादली कशाला लागते आता? डोक्यावर शॉवर आहे की! इतकी माणसं घेतात, तुलाच काय धाड भरली आहे?"

असंच म्हटलं मी. शब्द बदलून सांगत नाही. आई गप्प बसली. दुसऱ्याच्या घरात राहणारी म्हातारी माणसं जशी गप्प बसतात तशी. मुलीचं घरसुद्धा दुसऱ्याचंच असतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आठ दिवस ती आत गेली, कडी लावली, न्हाऊन बाहेर आली. शॉवर घेते की काय करते, मी विचारलं नाही. पाण्याचा आवाज यायचा तो तांब्याचाच होता. एवढा आवाज मला कळत नव्हता असं नाही. जाऊ दे, ऐकत नाही तर नाही, म्हणून मी सोडून दिलं.

नवव्या दिवशी सकाळी तांब्या फरशीवर आपटला आणि त्याच्यामागून आई. मी दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून नुसतं "आई गं, आई गं" ऐकू येत होतं. खालून वॉचमनला बोलावलं, त्यानं खांदा देऊन दार तोडलं. त्या दारातून मी आत शिरायच्या आधी आईनं कण्हत एकच शब्द म्हटला, "टॉवेल." मी तो अंगावर टाकला. वॉचमननं बिचाऱ्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं.

खुर्ची जागची तसूभर हलली नव्हती. रबराची बुटं फरशीला घट्ट चिकटलेली. आई बादलीतलं तळाचं पाणी घ्यायला वाकली आणि वरून पुढं गेली, एवढंच.

उजवा खांदा मोडला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, "शॉवर आहे, चांगली खुर्ची आहे, पण ही ऐकतच नाही हो." आई शेजारीच स्ट्रेचरवर होती. दुकानात मी काय सांगितलं होतं ते तिला माहीत नव्हतं, मला होतं. दादा त्या दिवशी आला. बेळ्ळंदूर पार करून दीड तासात आला! मला बाजूला घेऊन म्हणाला, "रिव्ह्यू चांगले होते गं."

हात आता खांद्याच्या वर जात नाही, तांब्या उचलवत नाही. आंघोळ मीच घालते. पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल आणून बादलीखाली ठेवलं. बादली बरोबर खुर्चीच्या उंचीला आली. बैल गेला आणि झोपा केला! आईनं स्टुलाकडे बघितलं, डाव्या हातानं बादलीचा काठ चाचपला. "एवढंच होतं," म्हणाली. मी पाण्यात हात घालून ऊन किती आहे ते बघत राहिले.

दाराची कडी अजून बसवलेली नाही. सुतार दोनदा येऊन विचारून गेला. आता लावायची कुणी?

आई सगळी आंघोळ होईस्तोवर डोळे मिटून बसते. मला वाटायचं साबण जातो म्हणून. परवा विचारलं, "आई, डोळे झोंबतात का गं? पाणी मारू?"

"नाही," ती म्हणाली. "दार लावून घेतलंय."