भोंग्याचा सा
जुन्या पेटीचा भाता उघडला की कुबट वास येतो आणि सोलापुरातली ती परीक्षेची खोली आठवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला शिकवणारं कुणी नव्हतं, मी पुस्तकातून स्वर शिकले होते. सा कुठला धरायचा ते पुस्तकावरून कळेना, म्हणून रोज ऐकू येणारा गिरणीचा भोंगाच मी सा धरला. "नापास झालीस की पेटी मामाकडं परत," हातमागावरून मान न उचलता वडील म्हणाले होते. परीक्षकांनी आधी एक सा वाजवून दाखवला, मग दुसरी पट्टी दाबली. "हा कुठला?" मी म्हटलं, "ग." "नाही. हा?" "प." "नाही." त्यांनी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला आणि मी बोलून गेले, "हा सा." पेन थांबलं. त्यांनी पेटीवर भोंग्याचा स्वर शोधला, तोच सा धरून एकेक पट्टी दाबली. बाराही स्वर बरोबर आले. "कान पक्का आहे तुझा," ते म्हणाले, "पण सा एकाच जागी नसतो पोरी. समोरचा देईल तो सा धरायचा." आणि त्यांनी नापास लिहिलं. पेटी गेली. पुढचं वर्षभर मी पाण्याच्या पंपाचा, फेरीवाल्याच्या हाकेचा, मिळेल तो सा धरून गात राहिले. दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी वडील सायकलवर पेटी बांधून घेऊन आले. आजही ती उघडली की आधी भोंगाच कानात वाजतो. तो विरेपर्यंत मी थांबते.