बुटाच्या कडेवरचे भाव

शुक्रवारी सकाळच्या सुट्टीत ओबदुलिया रोब्लेरो उजव्या पायातला पांढरा रबरी बूट काढायची, बाकावर आडवा ठेवायची आणि त्याची कड बाहेर उलटवायची. आतल्या बाजूला काळ्या मार्करनं तीन ओळी लिहिलेल्या असत. बेकरी, लाँड्री, हायवेवरचं मोठं दुकान. प्रत्येकापुढं डॉलरला ग्वातेमालाचे किती क्वेत्झाल आणि घरी पैसे पाठवायची फी किती.

कारखान्यात कागद आत न्यायला बंदी होती. कोंबडीच्या मांसात कागदाचा कपटा सापडला तर सगळी लाइन थांबवत. बूट मात्र कुणी तपासत नसे.

"दोन्या दुली, बूट दाखवा," लाइनवरच्या बायका मानानं 'दोन्या' लावून म्हणत.

"वास सोसणार असाल तर बघा."

"अहो, दिवसभर कोंबड्यांचा वास घेतो, तुमच्या पायाचं काय घेऊन बसलात!"

गुरुवारी संध्याकाळी ती तिन्ही दुकानांच्या काचांवरून पायी जायची. काचेतल्या दिव्याच्या पाट्यांवर भाव लागलेले असत. आत जायची नाही, विचारायची नाही, नुसती वाचत पुढं सरकायची. मोठ्या दुकानापर्यंत जाऊन यायला तासाच्या वर वेळ लागे. दिवसभर कोंबड्यांची हाडं सोडवत उभ्या राहिलेल्या पायांना हे चालणं नको असायचं, पण एकोणीस वर्षांत पायांना कुणी विचारलं नव्हतं. फोनवरून पाठवणारी तरुण पोरं होती. फोनला आधी बँकेतलं खातं लागे, आणि तिच्यापाशी खातं नव्हतं. ती शाळेत दोनच इयत्ता शिकली होती, पण तिचा हिशेब पक्का होता. पाचशे-सहाशे डॉलरच्या आत पाठवायचे तर फी बघायची, त्याच्या वर गेलं तर भाव बघायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार वर्षं फसल्यावर तिचं तिलाच कळलं होतं.

अमेरिकेतल्या डेलावेअरच्या या जॉर्जटाउनात निम्मी लाइन ताकानाची होती, ग्वातेमालाच्या डोंगरातली, मेक्सिकोच्या हद्दीला लागून. पुष्कळांपाशी काउंटरवर चालेल असं ओळखपत्र नव्हतं. ओबदुलियापाशी होतं. दर शुक्रवारी चार-पाच जणी घडी केलेल्या नोटा तिच्या हातात देत. "कोमादरे, एवढे माझ्या आईला पाठवा." यातल्या बहुतेकींच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच हातांवर धरलं होतं. त्या नात्यानं ती त्यांची कोमादरे आणि त्या तिच्या. कोमादरेला अहो-जाहो करायचं, आणि तिनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. ओबदुलियाची अशी अकरा मुलं होती. तिचं स्वतःचं एकही नव्हतं.

म्हणून ती सगळ्यांचे पैसे आपल्या नावानं पाठवायची. ज्या आठवड्यात जे दुकान स्वस्त, त्या आठवड्यात सगळ्यांचे पैसे तिथं.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी तिनं कुणाचेही घेतले नाहीत. "आज फक्त माझे," ती म्हणाली, आणि बायकांनी नोटा परत आत ठेवल्या. त्यांना ठाऊक होतं. तिची आई निकोलासा, वय एकोणऐंशी. एक डोळा कधीच गेलेला, आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू आता इतका पिकला होता की म्हातारी चुलीचा जाळ हातानं अदमास घेऊन शोधायची. डोळ्यांचा डॉक्टर राजधानीतून जिल्ह्याच्या गावी, सान मार्कोसला चार महिन्यांनी एकदा येत असे. तो सोमवारी येणार होता. शनिवारी दुपारी बाराच्या आत आठ हजार दोनशे क्वेत्झाल दवाखान्यात भरले तर नंबर, नाहीतर फेब्रुवारी. आणि फेब्रुवारीपर्यंत थांबलात तर मी हात लावणार नाही, असं डॉक्टरनं तिच्या गावाकडच्या भाच्याला सांगितलं होतं.

ओबदुलियाला यातलं एकच कळलं होतं. एकोणीस वर्षांत आईनं तिला पाहिलं ते फोनवरच, आणि गेली चार वर्षं तेही नाही. फोन डोळ्यापुढं धरून म्हातारी म्हणायची, "उजेड दिसतो गं. तू कुठंय त्यात?"

ब्लाउजच्या आत अकराशे डॉलर होते. आठ महिन्यांचे. बुटावर लाँड्रीचा भाव सगळ्यांत चांगला होता, सात क्वेत्झाल चौसष्ट. म्हणजे दवाखान्याचे भरून दोनशे उरत होते, आईच्या आणि भाच्याच्या बसला आणि दोन रात्रींच्या खोलीला.

लाँड्रीच्या काउंटरवरच्या माणसानं तिचं ओळखपत्र घेतलं, टाइप केलं, थांबला, पुन्हा टाइप केलं. मग ओळखपत्र खालच्या फटीतून परत सरकवलं. "नाही जात."

"का?"

"लिहिलंय नाही म्हणून."

ती बेकरीत गेली. भाव तीन पैशांनी कमी. ताज्या पावांच्या परातींमागं बसलेली येस्ली ताकानाचीच, तिच्या धाकट्या बहिणीला ओबदुलियानंच धरलं होतं. येस्लीनं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला.

"दोन्या दुली, लाल आलंय."

"मग हिरवं कर."

"माझ्या हातात असतं तर केलं नसतं का? बघा, सहा महिन्यांत एकट्या इथून तुमच्या नावानं सत्तेचाळीस वेळा पैसे गेलेत. एकोणीस वेगवेगळ्या माणसांना. कंपनीवाल्यांना वाटतंय तुम्ही धंदा करता."

"धंदा करत असते तर कोंबड्या कापल्या असत्या का?"

"मला कळतंय हो. पगाराचे कागद द्या, ते तपासतील. पाच ते सात दिवस."

"शनिवारी बाराला."

येस्लीनं पडदा परत आपल्याकडं वळवला. तिनं एक पाव कागदात गुंडाळून पुढं केला. ओबदुलियानं तो घेतला, कारण नाही म्हणायलाही ताकद लागते.

मोठ्या दुकानापर्यंत चालत जाताना तिला कळून चुकलं होतं काय होणार ते. तरी ती गेली. तिथंही लालच. एकाच दुकानातून पाठवले असते तर एकच दार बंद झालं असतं. दोन-दोन डॉलर वाचवायला तिनं तिन्ही दारं आळीपाळीनं झिजवली होती. परत येताना मक्याची कापलेली शेतं दोन्ही बाजूंना होती, खुंटच खुंट, आणि आकाश खाली आलेलं. कुणावर रागवावं हे तिला सुचेना. रागाला बूड लागतं, आणि तिच्यापाशी त्या घडीला नुसते पाय होते.

एक माणूस होता. एराक्लियो व्हेर्दुगो, पॅकिंगमध्ये खोकी चिकटवायचा. देशात राहू देण्याचा खटला कोर्टात चालू होता, त्यामुळं कामाचं कार्ड होतं त्याच्यापाशी, आणि त्याची थोरली पोर ओबदुलियानंच धरली होती. पण त्यानं आजवर कधी तिच्या हाती डॉलर दिला नव्हता. तो दर शुक्रवारी पेट्रोल पंपावरून पाठवायचा. पंपाचा भाव गावात सगळ्यांत वाईट आणि फी सगळ्यांत जास्त. तिनं सगळ्या लाइनीसमोर त्याला गाढव म्हटलं होतं, आणि एकदा नाही. "कोम्पादरे," ती म्हणायची, "तुमच्या पैशांनी त्या पंपवाल्यानं नवीन छप्पर घातलं बघा." तो हसायचा. एकदाच म्हणाला होता, "ज्याचं त्यानं आपल्या नावानं पाठवावं, कोमादरे. नाव झिजतं." तेव्हा तिला वाटलं होतं, कंजूष माणूस, मदत करायला नको म्हणून बोलतोय.

तो आपल्या ट्रेलर-घराच्या पायरीवर बसून बुटांतून पाय मोकळे करत होता.

"या कोमादरे. बूट दाखवायला आलात?"

"आलेय," ती म्हणाली, आणि पुढचं शब्दांत जुळेना. मग तिनं सगळं एका दमात सांगितलं, आई, डोळा, बारा वाजता, तिन्ही दुकानं. सांगताना ती पावाचा कागद हातात चुरगाळत होती.

एराक्लियोनं ऐकून घेतलं, एक बूट हातात तसाच.

"पैसे तुमचेच ना? सगळे?"

हा प्रश्न तिला लागला. पण तिच्या नावानं एकोणीस जणांना पैसे गेले होते, त्यामुळं कुणालाही विचारायचा हक्क होता. तिनं पिशवीतून पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या, रबरानं बांधलेल्या, आठ महिन्यांच्या. त्यानं वरच्या दोन बघितल्या आणि परत दिल्या.

"माझी जानेवारीत तारीख आहे," तो म्हणाला. "जज्जापुढं. माझ्या नावावर एकदम अकराशे, तेही नव्या माणसाला. उद्या कुणी विचारलं तर?"

"तर सांगा, कोमादरेच्या आईचा डोळा आहे म्हणून."

"तसं लिहायला जागा नसते त्या कागदावर."

"ठाऊक आहे मला. कितीदा भरलाय तो."

तिनं चिठ्ठ्या परत रबरानं बांधल्या. एराक्लियोनं काढलेला बूट पुन्हा पायात चढवला, कण्हत. "नाही कसं म्हणू," तो म्हणाला, तिच्याशी नाही, बुटाशी. "तुम्ही पोरगी धरलीत माझी. त्या दिवशी तुम्हाला ताप होता."

पंपावर चहूकडं पांढरा उजेड होता. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं एराक्लियोला बघून मान हलवली आणि न विचारता त्याच्या गावाचं नाव टाइप केलं. सात क्वेत्झाल एकोणपन्नास. फी बारा डॉलर. ओबदुलियाचं मन आपोआप हिशेब करू लागलं, थांबवता येईना. दवाखान्याचे भरून उरणार एकोणचाळीस क्वेत्झाल. त्यात भाच्याची एका बाजूची बस. आपल्या खोलीच्या आठवड्याभराच्या भाड्यातून तिनं आणखी वीसची नोट काढली, आणि फीचे बारा वेगळे.

"बघताय ना," एराक्लियो हळूच म्हणाला, "नवीन छप्पर."

ती हसली नाही. "तुम्ही इतकी वर्षं इथं का देत आलात?"

"हा काही विचारत नाही. आणि मला विचारलं की घाम फुटतो." त्यानं सही केली. "आठवड्याला तीन डॉलर शांततेचे."

पडदा हिरवा झाला. पावती तिच्या हातात आली तेव्हा तिची बोटं ती नीट धरू शकेनात. कारखान्यातल्या थंडीनं वाकडी झालेली बोटं; रात्री मिटली की सकाळी उघडायला वेळ लागे. त्यानं पावती घडी करून तिच्या खिशात घातली.

शनिवारी अकराला भाच्याचा फोन आला. पैसे भरले, नंबर नववा. मागून आईचा आवाज, "अंगठा निळा केला गं माझा, धुतला तरी जात नाही."

पुढच्या शुक्रवारी सकाळच्या सुट्टीत बायका बाकाभोवती आल्या. ओबदुलियानं बूट काढला, पण कड उलटवली नाही. तिनं ती वायरच्या ब्रशनं घासली होती. खरखरीत करडा डाग राहिला होता.

"भाव मी सांगेन," ती म्हणाली. "पाठवायचे ज्याचे त्यानं."

"आमच्यापाशी ओळखपत्र नाही, कोमादरे."

"ठाऊक आहे."

एक पोरसवदा बाई घडी केलेल्या नोटा मुठीत तशाच धरून उभी राहिली, मग भोंगा झाला. हे 'नाही' ओबदुलियाला रात्री अंथरुणावर पुन्हा ऐकू येणार होतं, आणि आलंही.

पट्टी काढली त्या रविवारी भाच्यानं व्हिडिओ लावला. ओबदुलियानं केस विंचरले होते, खिडकीजवळ बसली होती. पडद्यावर आईचा चेहरा अगदी जवळ आला, डोळा लाल, ओला, आणि पहिल्यांदाच एका जागी स्थिर. म्हातारी बघत राहिली. मागं कुठंतरी कोंबडा आरवला. ओबदुलिया तेहतिसाव्या वर्षी निघाली होती. गेल्या चार वर्षांतली ती आईनं पाहिलीच नव्हती.

"दुली?"

"हो आई, मीच."

"किती थकलीस गं."

ओबदुलियानं फोनचं तोंड छताकडं केलं.

"छत काय दाखवतेस," आई म्हणाली. "खाली घे. आठ हजाराचा डोळा आहे, बघू दे मला."

तिनं फोन खाली घेतला.