तुटलेल्या धक्क्यावरचा चहा

डॉर्कस पेलोचा नवरा धक्क्याच्या फळ्या ठोकणारा सुतार, आणि तिची चहाची टपरी त्याच धक्क्याच्या अगदी टोकाला, समुद्रात पाव मैल आत. राणी व्हिक्टोरियाच्या काळात आगबोटींसाठी बांधलेला हा लोखंडी धक्का पुढे बँड आणि कळसूत्री बाहुल्यांनी गजबजला. मग युद्ध आलं. शत्रू इथे उतरेल म्हणून लष्कराने मधला तुकडाच काढून टाकला. टपरी राहिली पलीकडे, किटलीसकट!

युद्ध संपलं, भगदाड तसंच. १९४६च्या वसंतात नगराध्यक्ष ट्रेमेन म्हणाले, "लाकूड घरांनाच पुरत नाही, बाई. ते टोक पाडून टाकू. मंगळवारी ठराव आहे."

"पाडा की! आधी माझी किटली तरी आणू द्या." किटली आणायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

शनिवारी सायलस नावाड्याच्या होडीतून ती पलीकडे गेली. एकसष्ट वर्षांची बाई गंजक्या शिडीवरून वर चढली, टपरी झाडली, चूल पेटवली. चहा रेशनवर, शेजारणींनी चमचा चमचा आपल्यातला काढून दिला होता.

धूर बघून दोघी बायका धक्क्याच्या तुटक्या कडेला होडीची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे तिसरा. सहा वर्षं रांगेत काढलेलं गाव ते! रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते मग विचारायचं. दुपारी रांग धक्क्याच्या फाटकाबाहेर गेली.

त्या रांगेत ट्रेमेनसाहेबही होते. "संत्री आलीत का हो?" त्यांनी पुढच्याला विचारलं.

"ठाऊक नाही. पण मिळतंय खरं काहीतरी."

होडी दिसली तेव्हा साहेबांना उलगडा झाला. पण चारचौघांदेखत रांग सोडायची कशी? होडीत बसले बिचारे.

"या साहेब!" डॉर्कस वरून ओरडली. "किटली न्यायला आलात वाटतं?"

साहेब हसले, शिडी चढून वर आले, कप घेऊन बाकावर टेकले. समोर उन्हात सगळं गाव पसरलेलं. चर्च, उतरती घरं, त्यांच्या स्वतःच्या अंगणात कपडे वाळत घालणारी बायको. चहा निवला तरी ते बघतच राहिले.

"सहा वर्षांत आपलं गाव असं पाहिलंच नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"त्यासाठीच तर लोक इथवर यायचे. चहा आपला निमित्ताला."

मंगळवारी ठरावाविरुद्ध पहिले उठले ते ट्रेमेनसाहेबच. ऑगस्टमध्ये भगदाडावर नव्या फळ्या पडल्या, आणि पलीकडे जायला पुन्हा फाटकाबाहेरपर्यंत रांग लागली.

"पहिला मान डॉर्कसबाईंचा!" सगळे ओरडले.

डॉर्कसने डोळे पुसले आणि ती फाटकाबाहेर जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.