तबकातला बोर्ड

आमच्या भागात कुठल्याही समारंभाला तबक धरायला एक बाई लागते. शाल, श्रीफळ, हार, फेटा आणि हल्ली चकचकीत कागदातली फळांची परडी असं सगळं त्या तबकात असतं. बाई ते घेऊन व्यासपीठाच्या कडेला उभी राहते. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, ही बाई बोलत नाही, तिचं नाव पत्रिकेत नसतं आणि फोटोत तिचं बहुधा कोपर येतं. अशी कोपरं मी पुष्कळ पाहिली होती. त्यांत एक आपलं असेल, आणि तेही आपणच तयार केलेल्या वस्तूच्या लोकार्पणात, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

वस्तू अंगठ्याएवढी. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला बारका संगणक. दिवा लाव, मोटर फिरव, मातीतली ओल बघ, अशी कामं तो मुकाट्यानं करतो. पण नुसती चिप हातात घेऊन काही होत नाही. तिला वीज लागते, मोठ्या संगणकाशी बोलायची सोय लागते, तारा जोडायला पिना लागतात. हे सगळं ज्या पाटीवर बसवलेलं असतं तो डेव्हलपमेंट बोर्ड. हौशी लोक असे बोर्ड विकत आणतात आणि घरच्यांना न कळणारे प्रयोग करत बसतात. मी त्यांतलीच.

अण्णाची नि माझी ओळख बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातली. तिथं कंट्रोल पॅनेल बनायची आणि आमची टेबलं शेजारी होती. तो माझ्याहून बराच मोठा. सगळेच त्याला अण्णा म्हणायचे, पण मी म्हणायचे तेव्हा त्यात मला नसलेला थोरला भाऊ असायचा. सोल्डरिंग करताना श्वास कुठं रोखायचा आणि साहेबासमोर तोंड कुठं मिटायचं, या दोन्ही गोष्टी मला त्यानंच शिकवल्या. पुढं त्यानं नोकरी सोडली आणि पिरनवाडीत स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत प्रशिक्षण संस्था काढली. संस्थेचा फलक खोलीपेक्षा रुंद होता. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

रविवारी त्या खोलीत आम्ही हौशी मंडळी जमायचो. निपाणीहून एक जण यायचा, त्याला वखारीतल्या तंबाखूचा दमटपणा मोजायचा होता. कणकुंबीकडचे एक मास्तर यायचे, त्यांना शाळेतल्या मुलांकडून पाऊस मोजून घ्यायचा होता. कणकुंबीत पाऊस मोजायचा म्हणजे मोजणाऱ्याची दमछाक व्हायची. मास्तरांची तक्रार मात्र पावसाबद्दल नव्हती.

"बोर्ड हायत हो, केबली न्हायत," ते म्हणाले. "चार आणल्या की दोन दिवसात एक उरतीया. उंदरं न्हेतात का मास्तरीणबाई मोबाईलला लावतात, देवाला ठावं."

"मग हरवायला केबलच नको," मी म्हटलं. माझा बोर्ड सुरू झाला तो इथून.

कल्पना साधी होती. पाटीचंच एक टोक जिभेसारखं पुढं काढायचं, त्यावर तांब्याचे चार पट्टे द्यायचे, आणि ती जीभ लॅपटॉपच्या यूएसबीच्या खाचेत सरळ खुपसायची. रुंदी इतकीच, की शेजारच्या खाचेत माऊस लावता यावा. बोर्ड लहान करणं म्हणजे एकेक मोह आवरणं. मला रीसेटचं बटण हवं होतं, ते गेलं. अण्णाला सात रंगांचा दिवा हवा होता. मी एक हिरवा दिला.

मी वडगावची, विणकरांच्या घरातली. दोन बाजूंच्या पाटीवर ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या वाटा, काढताना वरच्या बाजूला आडवे आणि खालच्या बाजूला उभे काढत गेलं की ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मागावर ताणा नि बाणा असतो तसंच हे, असं मी एकदा अण्णाला बोलून गेले. तो मान हलवून म्हणाला, "व्हय की गं." माझं बोलणं तो इतक्या मनापासून ऐकतो याचं मला तेव्हा कौतुक वाटलं.

पहिला लॉट आला आणि माझी चूक कळली. पाटी मी नेहमीच्या जाडीची मागवली होती, आणि यूएसबीच्या खाचेला ती पातळ पडत होती. बोर्ड लॅपटॉपात गेला की पडायला आलेल्या दातासारखा हलायचा. दिवा लागायचा, विझायचा. मी तो घरी आणून मागाशेजारी बसले होते. वडिलांच्या मागाचे जकार्डचे जुने पुठ्ठे पोत्यात भरून पडले होते. साडीच्या काठाची नक्षी या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत साठवलेली असते. जी नक्षी आता कुणी नेसत नाही तिचे पुठ्ठे टाकवत नाहीत, म्हणून पोती. एका पुठ्ठ्याची पट्टी कापून मी जिभेच्या पाठीला चिकटवली. बोर्ड खाचेत घट्ट बसला. हिरवा दिवा लागला तो लागलाच.

रविवारच्या मंडळींनी त्या पट्टीचं नाव ठेवलं 'काठ'. "काठ लावलासा का?" असं सगळे एकमेकांना विचारू लागले. जाड पाटी मागवणं परवडणारं नव्हतं आणि पोतं अजून भरलेलं होतं, त्यामुळे काठ कायमचाच राहिला.

आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवायचा हे माझं पहिल्यापासून ठरलेलं होतं. नेटवरून कुणीही उतरवून घ्यावा, कुणीही बोर्ड करावा, विकावा. नाव घालायला मी तयार नव्हते, कारण नावाच्या पाट्यांची मला ॲलर्जी आहे. आग्रह अण्णानंच केला.

"नाव टाक गं. ज्याचं काम त्याचं नाव. एवढं तरी पाहिजेच."

म्हणून बोर्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक ओळ घातली. माझं नाव, गावाचं नाव, आणि हा आराखडा सर्वांसाठी खुला आहे, ही ओळ तेवढी राहू द्यावी. अट म्हणून एवढीच.

मग एके दिवशी अण्णा म्हणाला, "नेटवरच्या फायली थोडे दिवस काढून ठेव. सुधारून नवीन घालूया, लोक जुनंच उतरून घ्यायलेत." मी काढल्या. काही आठवड्यांनी त्याचा फोन आला.

"शनिवारी मोकळी हाईस न्हवं? आपल्या बोर्डाचं लोकार्पण हाय. हॉल घेतलाय. साडी नेसून ये, वडगावचीच नेस, लोकास्नी बरं वाटतंय."

आपल्या बोर्डाचं, असं तो म्हणाला. मी वडिलांना घेऊन गेले. त्यांनी त्या दिवशी मुद्दाम दाढी केली होती. मला वाटलं होतं की मला व्यासपीठावर बोलावतील, आणि बोलावलं. दारातच अण्णा माझ्या हातात तबक देत म्हणाला, "धरायला कोण न्हाय गं, तेवढं बघ."

व्यासपीठाच्या फलकावर वर कन्नड, मध्ये मराठी, खाली इंग्रजी होतं. अण्णाचा फोटो मात्र एकच होता, त्याला भाषांतर लागलं नव्हतं. प्रमुख पाहुणे कशाचे तरी माजी होते. कशाचे, ते तिन्ही भाषांत सांगूनही माझ्या लक्षात आलं नाही. तबकात शाल, नारळ, फेटा, आणि मध्ये अंगठी ठेवावी तशा निळ्या मखमली डबीत माझा बोर्ड. रंग काळा केला होता, कडांना सोनेरी मुलामा. ट्रॅक माझेच. एक ट्रॅक मी चिपच्या कोपऱ्याला उगाचच वळसा घालून नेला होता, तोही तसाच. सूत्रसंचालक पाहुण्यांचा परिचय करून देत होता तेवढ्यात मी एका हातानं बोर्ड उलटा करून पाहिला. माझ्या ओळीच्या जागी अण्णाच्या संस्थेचं नाव होतं, आणि खाली: सर्व हक्क राखीव.

फायली का काढायला लावल्या, ते तिथं उभ्या उभ्या कळलं. हातात तबक असलं की माणसाला कुठं बसताही येत नाही.

अण्णानं भाषण केलं. बरं केलं. "आमच्या मातीतल्या मागावर जसा ताणा नि बाणा असतो," तो म्हणाला, "तसेच या बोर्डावर मी आडवे-उभे ट्रॅक विणले." अण्णाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकतो. माग त्यानं आमच्या घरी चहाला आलेला असताना पाहिला होता. टाळ्या पडल्या. वडिलांनीही वाजवल्या, मागाचा उल्लेख आला म्हणून.

मग पाहुण्यांनी बोर्ड उचलला आणि लॅपटॉपात खुपसला. दिवा लागला नाही. त्यांनी हलवला. लुकलुकला, विझला.

"आयतु?" झालं का, असं त्यांनी अण्णाला कन्नडमध्ये विचारलं. झालं नव्हतं. काठ नव्हता. पाहुण्यांपुढं ठेवायच्या वस्तूला पुठ्ठ्याचं ठिगळ बरं दिसत नाही, म्हणून अण्णानं तो काढला असणार. पट्टी कशासाठी आहे हे त्याला माहीत होतं, पण शोभेच्या दिवशी माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही. सूत्रसंचालकानं वेळ भरून काढायला चारोळी म्हटली. मग आणखी एक.

अण्णा माइकवर हात ठेवून माझ्याकडे वळला. "बघ की गं जरा."

मी नुसती उभी राहू शकले असते. मला कोणी दोष दिला नसता, तबकवाल्या बाईला बोर्डाचं काय कळणार? अण्णाचा फजितवाडा मी अगदी निवांतपणे पाहिला असता, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर पाहिलाही. पण मागच्या रांगेत कणकुंबीचे मास्तर मान उंच करून बघत होते. आणि जो दिवा लागत नव्हता तो अण्णाचा नव्हता, माझा होता. फलक त्याचा, हॉल त्याचा, पण मेलेला बोर्ड माझा दिसत होता, आणि ते मला बघवेना.

तबकात निमंत्रणपत्रिकेची एक प्रत होती. जाड, गुळगुळीत, भारी कागद. तिचा कोपरा मी फाडला, दुमडला, जिभेखाली सारला आणि बोर्ड लावला. हिरवा दिवा लागला.

सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. अण्णा माइकवर म्हणाला, "किरकोळ तांत्रिक अडचण होती, आमच्या एका भगिनींनी सहकार्य केलं." माझ्या हातात पुन्हा तबक आलं होतं, त्यामुळे टाळ्या वाजवायचा प्रश्न आला नाही.

जेवणाच्या पंगतीत मी त्याला गाठलं. फेटा अजून डोक्यावर होता.

"अण्णा, मागची ओळ कुठं गेली?"

"कुठली ओळ?" मग माझ्याकडं बघून, "अगं, संस्थेच्या नावावर न्हाय केलं तर उद्या मदत कोण देणार? आणि तूच म्हणालतीस न्हवं, सगळ्यांसाठी खुला हाय म्हणून? सगळ्यांत मी येत न्हाय व्हय?"

"येतोस की. मग हक्क कुणापासनं राखून ठेवलेस?"

"ते छापायचंच असतंय गं. सगळीच छापतेत. जिलबी घे."

त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी अजिबात नव्हती. तीच गोष्ट मला आजही खुपते. चोरी करताना माणूस निदान इकडंतिकडं बघतो. यानं मला साडी नेसून बोलावलं होतं.

घरी जाताना वडील खुशीत होते. "लई बरी दिसालतीस वर," ते म्हणाले.

"त्यांनी माझं नाव घेतलं न्हाय, बाबा."

"आमच्या साडीवर पेढीचाच शिक्का असतोय. आमचं नाव कोण घेतंय?"

हे ते दुःखानं बोलले नाहीत. सुताचा भाव सांगावा तसं बोलले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटायचं, मी शिकले, मागावरून उठले आणि त्या शिक्क्याच्या हिशेबातून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पिरनवाडीला गेले नाही. फायली पुन्हा नेटवर घातल्या, माझ्या ओळीसकट. या वेळी एक चित्र जास्तीचं घातलं: काठाचं, लांबी, रुंदी आणि जाडी लिहून.

पुढच्या आठवड्यात अण्णाचा फोन आला. लोकार्पणानंतर शाळांना वाटलेले बोर्ड हलत होते, कणकुंबीच्या शाळेतलेही.

"त्या पट्ट्या कापून दे की गं. तुमच्यात पुठ्ठे पडून हायत."

"पट्टीचं माप आराखड्यात हाय, अण्णा. फायली परत घातल्यात. सगळ्यांसाठी, माझ्या नावानं."



"म्हंजे तू माझ्या पाठीमागनं गेलीस व्हय?" तो म्हणाला. "तुला मी हाताला धरून शिकीवलो. तुझ्याकडनं हे वाटलं नव्हतं मला."

त्याला खरंच लागलं होतं. तो आवाज मला ओळखीचा होता. हॉलमधून आल्यापासून तो मलाच काढायचा होता, आणि त्यानं तो माझ्या आधी काढला.

मग त्यानंच विचारलं, "पुठ्ठे हायत न्हवं पण?"

"हायत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग पोतं सोडून पट्ट्या कापायला बसले. कणकुंबीच्या मास्तरांना लागतील तेवढ्याच.