खाडीकडची तिसरी रांग

साल २०२२. मी त्रेसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण न्हावा शेवाजवळच्या आमच्या कंटेनर यार्डात मला विचारल्याशिवाय डबा हलत नव्हता. भूतबीत मी कधी मानलं नाही. बाप गेला तेव्हा पिंडाला कावळा शिवेना, तर मी सगळ्यांना उठवून जेवायला नेलं. असा माणूस मी… हे आधीच सांगतो.

तेव्हा यार्डातला कॉम्प्युटर पार मेटाकुटीला आला होता. एक डबा शोधायला पंचवीस-पंचवीस मिनिटं. दुरुस्तीला पुण्याहून मॅडम आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. दोन दिवस बघून त्यांनी दोष माझ्यावर ठेवला. जागेसाठी वेगळे रकाने होते – ब्लॉक, रांग, थर. आम्ही चेकर, म्हणजे डबे तपासून नोंदवणारे लोक, ते रिकामे सोडून शेऱ्यात लिहायचो – खाडीकडची तिसरी, माडाजवळ, वजनकाट्यामागं. ही सवय मीच लावलेली. त्यामुळं एका डब्यासाठी कॉम्प्युटर कोट्यवधी नोंदींचे शेरे पहिल्यापासून वाचत बसायचा. मी म्हटलं, वाचू दे की, त्याला दुसरं काय काम हाय. मॅडम हसल्या नाहीत.

मग तीन आठवडे शेजारी बसून मी सांगायचो, अमुक शेरा म्हणजे अमुक ब्लॉक, आणि त्या रकाने भरून घ्यायच्या. त्यावर त्यांनी सूची बांधली, इंडेक्स म्हणतात तिला. जुन्या नोंदी वेगळ्या टेबलात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच दुसऱ्या तक्त्यात, हलवायचं तेवढं राहिलं होतं.

गुरुवार. दुपारचे तीन वाजत आलेले, कडक ऊन. मॅडम म्हणाल्या, काका, एखादी जागा सांगा, बघू किती वेळ लागतो. मी म्हटलं, खाडीकडची तिसरी. मॅडमनी तिचा ब्लॉक, रांग टाकली, बोट उचलायच्या आत यादी आली. सगळ्यात वर आजची तारीख, दोन बावन्नची वेळ. चेकरचं नाव – गोमा.

गोमा माझा यार्डातला जोडीदार. सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेला. खांदा मी दिलाय.

इंग्रजी अक्षरांतला मराठी शेरा मॅडमनी वाचून दाखवला. "खडूस, खालचा डबा बसलाय. माणूस लावू नको."

मला खडूस म्हणायची हिंमत त्या एकट्याची.

आणि त्या वेळी तिसऱ्या रांगेत डब्यांची सीलं तपासत होता तो गोमाचाच मुलगा, महेश. दोन लेकरांचा बाप.

कुणीतरी मस्करी केली असंल, हसं होईल माझं… एवढं मनात आलं, खोटं कशाला सांगू. तरी धावलो. महेशला म्हटलं, बाजूला हो. तो वैतागला. "काका, आता कॉम्प्युटर सांगतो कुठं उभं राहायचं ते. तुमी सावलीत बसा."

"त्यानंच सांगितलंय," म्हणालो आणि दंडाला धरून ओढला.

वजनकाट्यापर्यंत पोचलो असू. मागं जमीन खचली, खालच्या डब्याचा कोपरा आत गेला आणि वरचे दोन्ही डबे आडवे झाले. महेश उभा होता तिथंच. पंचवीस मिनिटं वाट बघितली असती तर…

ऑफिसात आलो तर मॅडम पांढऱ्या पडलेल्या. यादीत तो शेरा नव्हता. अख्खं टेबल त्यांनी तीनदा धुंडाळलं, आता त्याला पळभरही वेळ लागत नव्हता. गोमाचं खातं तो गेला त्याच महिन्यात बंद केलेलं. नोंद घातली कुणी, काढली कुणी, त्यांनाही सांगता येईना. मला आजही सांगता येत नाही. भूत मी अजून मानत नाही. पण वाचलं दोघांनी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत ऑफिसात गेलो. मॅडम जुन्या नोंदी हलवायच्या तयारीत होत्या. म्हटलं, थांबा, आधी माझी एक नोंद घ्या. रकान्यात नको, शेऱ्यातच. मी सांगत गेलो, त्यांनी लिहिलं – गोमा, महेश घरी पोचला, रात्री जेवला.

कुठल्या टेबलात ठेवू, त्यांनी विचारलं.

"जुन्या," म्हणालो. "तो तिथं हाय."